पावसातल्या मैलापाण्याचं काय? मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



दादरच्या सखल हिंदमाता भागात पाणी चढू लागलं की गर्दीतून कोणीतरी लोखंडी सळई घेऊन पुढे येतो आणि मॅनहोलचं झाकण उचलतो. त्याचा हेतू वाईट नसतो. दुकानांच्या पायऱ्या बुडालेल्या असतात, शाळेतून निघालेली मुलं मांडीभर पाण्यात अडकलेली असतात, आणि झाकण बाजूला सरकलं की पाणी गिरकी घेत खाली जाताना दिसतं. झाकण पर्जन्यजलवाहिनीचं आहे की मलवाहिनीचं, हे त्या घाईत कोणी पाहत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एल्फिन्स्टन भागात एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. विषय उच्च न्यायालयात गेला, झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसू लागल्या. त्या बसायलाच हव्या होत्या.

हे पत्र त्या जाळीच्या खाली काय वाहतं, याबद्दल आहे.

कागदावर मुंबईत दोन वेगळी जाळी आहेत. घरातलं मलजल मलवाहिन्यांतून प्रक्रिया केंद्राकडे जातं आणि पावसाचं पाणी पर्जन्यजलवाहिन्यांतून, नाल्यांतून समुद्राला मिळतं. प्रत्यक्षात ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोचलेली नाही तिथलं सांडपाणी बारा महिने नाल्यातच येतं. जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून पावसाचं पाणी आत शिरतं. तुंबलेल्या रस्त्यावरचं पाणी उघड्या मॅनहोलमधून मलवाहिनीत उतरतं, ती भरली की पुढच्या सखल भागात तेच पाणी झाकण ढकलून वर येतं. जून ते सप्टेंबर या काळात दोन जाळ्यांचं हे शहर तासाभरात एका जाळ्याचं होतं.

आणि आता त्यात एक नवी गोष्ट मिसळते आहे. मिठी नदीत येणारं सांडपाणी अडवून प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याची कामं महापालिकेने हाती घेतली आहेत. बापट नाला आणि सफेद पूल नाल्यातलं पाणी बोगद्यातून धारावीच्या केंद्रात नेण्याची योजना त्यातलीच. ही कामं चांगली आहेत, गरजेची आहेत. मात्र या योजनांच्या कागदपत्रांत वळवायच्या पाण्याला जे नाव आहे, ते नीट वाचावं: कोरड्या हंगामातला प्रवाह. नाल्यात बांध घालून, ठरावीक पातळीपर्यंतचं पाणी बोगद्यात घ्यायचं, अशी ही रचना असते. पाऊस पडला, पातळी वाढली, की पाणी बांधावरून उडी मारतं आणि मैल्यासकट खाडीकडे निघून जातं. लंडन, पॅरिस, शिकागो या शहरांनी दीडशे वर्षं ज्या दुखण्याशी झुंज दिली, ते नेमकं हेच. तिथे एकाच नळातून मैला आणि पाऊस वाहतो, नळ भरला की बांधावरून नदीत सांडतो. मुंबईत नळ वेगळे आहेत, सांडणं तेच आहे.

‘पावसात सगळं वाहून जातं’ असं मुंबईत सहज म्हटलं जातं. इतकं पाणी कोसळतं की घाण पातळ होऊन नाहीशी होत असेल, अशी ती समजूत. हिशोब करून पाहावा. कच्च्या मलजलाच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतल्या जिवाणूंची संख्या साधारण दहा लाख ते एक कोटीच्या घरात असते. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कमाल मर्यादा तेवढ्याच पाण्यात २,५०० आहे. एक बादली मैल्यात नऊ बादल्या स्वच्छ पावसाचं पाणी ओतलं तरी संख्या लाखाच्या खाली येत नाही. मर्यादेत यायला एका बादलीमागे चारशे ते चार हजार बादल्या लागतील, आणि त्याही अगदी निर्मळ पाण्याच्या. रस्त्यावरून नाल्यात येणारं पाणी निर्मळ नसतंच. त्यात उंदरांचं मूत्र असतं, ज्यातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचे जंतू पायाच्या बारीक जखमेवाटे शरीरात शिरतात. २००५ च्या प्रलयानंतर लेप्टोने शहराला काय दाखवलं, ते आपल्या आरोग्य विभागाला वेगळं सांगायला नको. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत औषध घ्यावं, असं आवाहन हाच विभाग दर पावसाळ्यात करतो.

म्हणजे आजाराची बाजू महापालिकेला पूर्ण ठाऊक आहे. पाण्याच्या बाजूने काय करता येईल, याकडे वळू.

पहिला उपाय साठवणीचा. पाऊस जोरात असताना मैलामिश्रित पाणी जमिनीखाली धरून ठेवायचं आणि जोर ओसरला की सावकाश प्रक्रिया केंद्राकडे सोडायचं. लंडनने यासाठी टेम्स नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा आणि ७.२ मीटर व्यासाचा बोगदा खणला. त्याला जोडायचे सगळे सांडवे फेब्रुवारी २०२५ मध्ये जोडून झाले. आधीच्या ली बोगद्यासह त्यात सुमारे १६ लाख घनमीटर पाणी मावतं, म्हणजे १६० कोटी लिटर. साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास खर्च आला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसद हैराण झाली आणि जोसेफ बॅझलगेट यांनी मलवाहिन्यांचं प्रचंड जाळं बांधलं. त्या जाळ्यावर लोकसंख्या आणि काँक्रीट यांचा जो बोजा पुढे वाढत गेला, तो उतरवायला हा बोगदा आला.

असा बोगदा मुंबईला हवा, असं म्हणायचा मोह होतो. म्हणून हाही हिशोब करावा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. मुंबईचं क्षेत्रफळ ४३७ चौरस किलोमीटर धरलं, तर लंडनचा तो अख्खा बोगदा इथे आणून ठेवला तरी शहरभर पडलेल्या पावणेचार मिलिमीटर पावसाने तो भरेल. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला. पाश्चात्त्य शहरांचा आराखडा जसाच्या तसा उचलला तर पैसा संपेल आणि खाडी तशीच राहील.

तरीही साठवण सोडून द्यायची नाही. ती कशासाठी वापरायची, हे ठरवायचं. पावसाचा पहिला लोट सगळ्यात घाण असतो. आठ महिने नाल्यात, वाहिन्यांच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या जोरदार सरीबरोबर खरवडून निघतो आणि एकदम पुढे येतो. नालेसफाई वेळेत झाली नाही तर तो अधिकच असतो. जर्मनीत हे फार आधी ओळखलं गेलं. तिथल्या गावोगावी पावसाळी टाक्या आहेत, त्या पहिला, दाट लोट पोटात घेतात. मागाहून येणारं त्या मानाने पातळ पाणी पुढे जाऊ देतात. काही ठिकाणी ते पाणी वाळू आणि बोरूच्या वाफ्यांतून झिरपवूनच ओढ्यात सोडतात.

पॅरिसने ऑलिंपिकच्या तोंडावर, मे २०२४ मध्ये, ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी सुरू केली. पाच कोटी लिटर. सीन नदी पोहण्याजोगी करण्याच्या १.४ अब्ज युरोंच्या कामांतला तो एक भाग. तरी ऑलिंपिकमध्ये पावसामुळे पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागलीच. ५ जुलै २०२५ ला, १९२३ पासूनच्या बंदीनंतर, सामान्य पॅरिसकरांना सीनमध्ये उतरता आलं आणि पाऊस झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी घाट बंद ठेवले गेले. यात अपयश शोधणारे शोधतील. त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: त्या शहरात पोहण्याच्या हंगामात नदीच्या पाण्याची तपासणी रोज होते, निकाल लोकांना सांगितला जातो आणि त्यावर निर्णय होतो.

मुंबईकडेही अशा टाक्या आहेत. हिंदमाताचं पाणी तुंबू नये म्हणून दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या. भरती असताना पाणी तिथे थांबतं, ओहोटी लागली की पंपाने पुन्हा पर्जन्यजलवाहिनीत सोडलं जातं. वाहतुकीची त्याने मोठी सोय झाली. इथेच एक पाऊल पुढे जाता येतं. तासन्‌तास एका जागी थांबलेलं पाणी हे प्रक्रियेसाठी मिळालेलं आयतं पाणी आहे. गाळ तळाशी बसलेला असतो. वरचं पाणी समुद्राकडे जाऊ द्यावं, तळाचा दाट भाग मलवाहिनीत वळवून प्रक्रिया केंद्राला द्यावा, एवढी सोय त्या टाक्यांना जोडली तरी पहिल्या लोटातला मोठा मैला खाडीत जाण्यापासून वाचेल. पॅरिसच्या टाकीत साठवलेलं पाणी शेवटी प्रक्रिया केंद्राकडेच जातं.

दुसरा उपाय म्हणजे वाहत्या पाण्यावरच झटपट प्रक्रिया. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

नेहमीचं मलजल प्रक्रिया केंद्र जिवंत जिवाणूंवर चालतं. त्यांना ठरावीक अन्न, ठरावीक वेळ लागतो. पाचपट पाणी एकदम आत सोडलं तर ते जिवाणूच वाहून जातात आणि केंद्र पुढे कित्येक दिवस लंगडं चालतं. त्यामुळे पावसात जास्तीचं पाणी केंद्राला वळसा घालून सोडून देतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच असतं. प्रश्न असा की त्या वळशाच्या वाटेवर काही ठेवता येईल का, जे जिवाणूंवर अवलंबून नाही, अर्ध्या तासात सुरू होतं आणि फार जागा खात नाही.

ठेवता येतं. ब्रिस्टलमध्ये बर्नार्ड स्मिसन यांनी १९६० च्या दशकात गोल विहिरीसारख्या टाकीचा उपयोग करून दाखवला. पाणी कडेने आत सोडलं की ते स्वतःच्या वेगाने भोवऱ्यासारखं फिरतं, जड मैला मधोमध तळाशी गोळा होतो आणि तिथून मलवाहिनीत जातो. फिरणारा एकही यांत्रिक भाग नाही. पुढे या कल्पनेच्या सुधारित आवृत्त्या अनेक देशांत बसल्या. बारीक मैला मात्र भोवऱ्याने निघत नाही.

त्यासाठीची युक्ती मराठी घरांना ओळखीची आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घरात तुरटी फिरवायचे. बारीक कण एकमेकांना चिकटायचे, त्यांचे पुंजके जड होऊन खाली बसायचे. प्रक्रिया केंद्रात हेच काम तुरटी किंवा फेरिक क्लोराईडने होतं. पण पुंजके आपसूक बसायला वेळ लागतो आणि पावसात वेळच नसतो. म्हणून त्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक वाळू मिसळतात आणि पॉलिमरने ती पुंजक्यांना चिकटवतात. वाळूच्या वजनाने पुंजके भराभर तळ गाठतात. साध्या निवळण टाकीपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी सोडता येतं, त्यामुळे टाकी तितकीच लहान लागते. तळाचा गाळ चक्रीत फिरवून वाळू वेगळी काढतात आणि पुन्हा वापरतात. पाण्यात तरंगणारा ८० ते ९० टक्के गाळ असा निघतो. विरघळलेला अमोनिया निघत नाही, हेही नमूद केलं पाहिजे.

मग जंतू मारायचे. हा क्रम उलटा करून चालत नाही. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकलं तर मैल्याच्या कणांत दडलेले जंतू वाचतात आणि क्लोरीन वाया जातं. पाणी आधी निवळलं की मगच अतिनील किरणांचे दिवे किंवा सोडियम हायपोक्लोराइट उपयोगी पडतं. हायपोक्लोराइट वापरलं तर उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करूनच पाणी सोडायचं, नाहीतर जंतूंबरोबर मासेही मरतात. माहीम आणि वरळीच्या कोळीवाड्यांसमोर हा तपशील किरकोळ नाही.

अमेरिकेत सिएटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीने हे सगळं एका ठिकाणी बांधलं आहे. जॉर्जटाउन भागातलं ते पावसाळी प्रक्रिया केंद्र २०२२ मध्ये तयार झालं. कोरड्या दिवसांत ते शांत असतं. मोठा पाऊस आला की चाळण्या, वाळूने जड केलेले पुंजके आणि अतिनील किरण अशा वाटेने दिवसाला सात कोटी गॅलन, म्हणजे साडेसव्वीस कोटी लिटर पाणी स्वच्छ करून डुवामिश नदीत सोडण्याची त्याची क्षमता आहे.

पुन्हा प्रामाणिक हिशोब. वरळीतल्या लव्ह ग्रोव्हच्या पर्जन्यजल उदंचन केंद्रातला एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी समुद्रात फेकतो. सिएटलचं अख्खं केंद्र त्या एका पंपाच्या जेमतेम निम्म्या पाण्याला पुरेल. २६ जुलैसारख्या दिवशी जगातलं कोणतंही तंत्र मुंबईतलं सगळं पाणी स्वच्छ करू शकणार नाही, आणि त्या दिवशी माणसं वाचवणं हेच काम असतं. पण पावसाळा म्हणजे काही रोज २६ जुलै नसतो. जूनच्या पहिल्या सरी, दिवसभरातल्या पाच-दहा मिलिमीटरच्या झडी, उघडीप संपवून आलेला पाऊस, हे दिवस कितीतरी जास्त असतात. त्या दिवसांत पाणी कमी आणि मैला दाट असतो. दहा चौरस किलोमीटरच्या भागात पडलेला दहा मिलिमीटर पाऊस सगळाच्या सगळा वाहून आला असं धरलं, तरी दहा कोटी लिटर होतो: पॅरिसच्या दोन टाक्यांएवढा. हे आवाक्यातलं पाणी आहे.

इथे मुंबईला एक मोठा फायदा आहे, त्याचा विचार व्हावा. लंडनमध्ये मोठा पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही. यंत्रं महिनोन्‌महिने नुसती सज्ज ठेवावी लागतात. मुंबईचा पाऊस पंचांगाने येतो. मे अखेर रसायनांचा साठा, कामगारांचं प्रशिक्षण, पंपांची चाचणी, सगळं ठरवून करता येतं. आणि उरलेले आठ महिने याच टाक्यांतून प्रक्रिया केंद्राचं पाणी आणखी निवळून बागा, बांधकामं, उद्योग यांना देता येतं. पावसाळी यंत्रणा वर्षभर उपयोगी पडली तर तिच्यावरचा खर्च पटवून देणंही सोपं जाईल.

भारतात असा विचार कोणी केलाच नाही, असं नाही. कोलकात्यात मैला आणि पाऊस एकत्र वाहून नेणाऱ्या वाहिन्या एकोणिसाव्या शतकातच बांधल्या गेल्या. ते पाणी पूर्वेकडच्या पाणथळीतल्या भेऱ्यांमध्ये, म्हणजे मत्स्यतलावांत, ऊन आणि शेवाळाच्या जोरावर शुद्ध होतं आणि शहराला मासे मिळतात. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची ती पाणथळ २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. मुंबईकडे तेवढी मोकळी जागा उरलेली नाही. भांडुप, ऐरोलीच्या बाजूला जी खारफुटी आणि पाणथळ शिल्लक आहे ती भराव घालून संपू देऊ नये, एवढं तरी त्यातून घेता येईल.

आता मागणं. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा इथल्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर, खर्च १७ हजार कोटींहून अधिक. वरळी आणि वांद्र्याचं मलजल वर्षानुवर्षं फक्त गाळून, रेती काढून साडेतीन किलोमीटर लांबीच्या पातमुखांनी समुद्रात सोडलं जातं. अशा शहरासाठी ही सात केंद्रं म्हणजे फार मोठं काम आहे. या सातही केंद्रांच्या आराखड्यात पावसाचं किती पाणी धरलं आहे, त्यापेक्षा जास्त आलं तर ते कोणत्या वाटेने जाईल आणि त्या वाटेवर कोणती प्रक्रिया होईल, हे महापालिकेने प्रत्येक केंद्रागणिक जाहीर करावं. जिथे त्या वाटेवर काहीच नाही, तिथे बांधकाम चालू असतानाच जागा राखून ठेवावी. केंद्र पूर्ण झाल्यावर मुंबईत शंभर चौरस मीटर मिळवायला दहा वर्षं जातात.

पहिला प्रयोग वरळीला करावा. लव्ह ग्रोव्हला मलजलाचं केंद्र आणि पर्जन्यजलाचे पंप एकमेकांच्या शेजारी आहेत. नाल्यातला पहिला लोट पलीकडे नेण्यासाठी मैलोन्‌मैल बोगदा खणावा लागणार नाही. एका पंपाच्या निम्म्या क्षमतेचं पावसाळी युनिट तिथे उभं राहिलं, तर दोन पावसाळ्यांत महापालिकेच्या हातात स्वतःचे आकडे येतील. परदेशी सल्लागारांच्या अहवालापेक्षा त्यांचं मोल अधिक असेल.

आणि मोजणी आजच सुरू करावी, तिला कसलंच बांधकाम लागत नाही. इंग्लंडमध्ये पावसाळी सांडव्यांच्या १४ हजारांहून अधिक जागा आहेत. २०२३ अखेरीस त्या सगळ्यांवर मोजणीयंत्रं बसली. त्या एका वर्षात ३६ लाख तास मैलापाणी सांडलं, हा आकडा बाहेर आला तेव्हा लोक संतापले, कंपन्यांना आणि सरकारला उत्तरं द्यावी लागली. अमेरिकेच्या १९९४ च्या धोरणाने सांडण्याला वर्षाला सरासरी चार वेळांची किंवा ८५ टक्के पाणी पकडण्याची मोजपट्टी दिली. मुंबईला चार वेळांची मर्यादा शक्य नाही, आपली वेगळी मोजपट्टी लागेल. पण कोणता बांध कधी ओसंडला, किती तास, त्या वेळी भरती होती की ओहोटी, दुसऱ्या दिवशी दादर, गिरगाव, जुहूच्या पाण्यात जिवाणू किती होते, एवढी माहिती रोज फलकावर लावणं शक्य आहे. महापालिका पावसाचे आकडे आणि भरतीच्या वेळा रोज देतेच. त्यांच्या खाली ही एक ओळ वाढेल.

त्या ओळीची वाट पाहणारे बरेच आहेत. आषाढात होड्या ओढून ठेवलेला, नारळी पौर्णिमेनंतर त्याच खाडीतून बाहेर पडणारा माहीमचा कोळी आहे. विसर्जनाला दीड दिवसाचा गणपती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरणारं कुटुंब आहे. आणि पाऊस चालू असताना, पहाटे चारला, तुंबलेल्या वाहिनीच्या तोंडाशी बांबू घेऊन उभा राहणारा आपल्याच खात्याचा कामगार आहे. त्या पाण्यात काय आहे, हे त्याला पाय बुडवण्याआधी कळायला हवं. येत्या १ जूनपूर्वी निदान लव्ह ग्रोव्ह, हाजी अली आणि इर्ला इथल्या उदंचन केंद्रांतल्या पाण्याची तपासणी सुरू करून पहिले निकाल प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

कळावे,
मुंबईकर नागरिकांच्या वतीने